खडकातला दुष्काळ

महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागाखाली बेसॉल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर पसरत थिजला आणि दख्खनचे पठार तयार झाले. हा खडक घट्ट असेल तिथे त्याला स्वतःची सच्छिद्रता जवळजवळ नाही. पाणी साठते ते त्याच्या झिजलेल्या भागात, सांध्यांत आणि फटींत. म्हणून इथल्या दुष्काळाचा अभ्यास आभाळापासून सुरू झाला, तरी विहिरीत उतरल्याशिवाय पुरा होत नाही.

मे महिन्यात कोरड्या पडलेल्या विहिरीच्या काठावरून सगळा मामला उघडा दिसतो. वर हात-दोन हात माती, तिच्याखाली कुदळीने निघणारा मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, मध्येच एखादा गेरूचा लाल पट्टा आणि तळाशी सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मुरूम आणि मांजऱ्या पाणी धरतात. काळ्या पाषाणात फट लागली तरच पाणी लागते. विहीर खोदणारी माणसे हे थर परसाच्या, म्हणजे पुरुषभर खोलीच्या, मापाने सांगतात आणि त्यांचे सांगणे भूवैज्ञानिकाच्या नोंदीशी बहुतेक वेळा जुळते. पाणाड्याच्या तळहातावर उभा राहणारा नारळ मात्र कशाशीच जुळत नाही.

शास्त्रात दुष्काळ तीन पायऱ्यांनी येतो: आधी पाऊस ओढ देतो, मग मातीतली ओल आटते, शेवटी ओढे, तलाव आणि भूजल. पावसाची तूट २६ ते ५० टक्के असेल तर मध्यम आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तर तीव्र दुष्काळ, ही हवामान विभागाची व्याख्या. १९९३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील मॅकी आणि सहकाऱ्यांनी प्रमाणित पर्जन्य निर्देशांक मांडला. त्यामुळे एका ठिकाणची तूट तिथल्याच जुन्या पावसाशी, एक महिन्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या कोणत्याही मुदतीसाठी ताडता येऊ लागली. हे महत्त्वाचे, कारण महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत, पर्जन्यछायेतल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. दोन्हींना एकच फूटपट्टी लावण्यात अर्थ नाही.

सरकारी कारभारात फार काळ चालली ती आणेवारी, म्हणजे आजची पैसेवारी. पिकाचा उतारा ५० पैशांच्या खाली गेला की दुष्काळसदृश स्थिती. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, पिकांची हिरवाई, मातीतील ओल आणि पाणीसाठा असे निकष आणले; त्यांच्या आधारे ऑक्टोबर २०१८ अखेर राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पद्धत पैसेवारीपेक्षा नक्कीच बरी. पण घोषणा होईपर्यंत शाळूची पेर उरकलेली असते आणि विहिरीवर कोणते पीक घ्यायचे हेही ठरून गेलेले असते.

भूजलाचे मोजमाप मुळात साधे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली. राज्याची तिने दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली असून निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासून ती आत सोडायची आणि खडू कुठवर भिजला ते वाचायचे. २००२ पासून उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून भूजलाची घटही टिपता येते, पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरची. पंजाबच्या खोल गाळाला ती लागू पडते. एका ओढ्याच्या पाणलोटापुरती खडूची टेपच खरी.

खरी मेख साठवणुकीच्या आकड्यात आहे. या खडकातून मोकळे होणारे पाणी त्याच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्के. २ टक्के धरले, तर एका हेक्टरखालचा एक मीटर जाडीचा भिजलेला थर २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी देतो. भरणही बेताचेच. शासकीय अंदाजपद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी पावसाच्या ७ टक्के आणि मांजऱ्यासारख्या सच्छिद्र, फुटीर थरांसाठी १३ टक्के मुरतात असे धरले जाते. पाचशे मिलिमीटर पावसातून ३५ ते ६५ मिलिमीटर. त्याने विहिरीची पातळी पावणेदोन ते सव्वातीन मीटर चढते. चांगल्या पावसाची कमाई एवढीच. आता ऊस घ्या. पाटाने दिले तर वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी वीस हजार घनमीटर पाणी लागते. काही वाटा पाऊस उचलतो, ठिबकने गरज आणखी घटते, हे खरे. तरी ते सगळे विहिरीतून काढायचे म्हटले, तर एका हेक्टर उसासाठी शंभर हेक्टरखालचा एक मीटर खडक रिकामा होतो. तूट पावसाची किती आणि पिकाची किती, हे या एका गुणाकारात कळते.

बोअर या साठ्यात भर घालत नाही. पाचशे-सहाशे फुटांवर लागलेली फट बहुधा वरच्या थरांतूनच सावकाश भरते. शेजारच्या विहिरीचे पाणीच खालून उपसले जाते. २००९ चा राज्याचा भूजल कायदा अधिसूचित क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई करतो. गावोगावी रात्रभर चालणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहता, हा कायदा अजून बराचसा कागदावरच आहे. बोअरने भरलेली प्लॅस्टिकची शेततळी तर सावलीतले पाणी उन्हात आणून ठेवतात.

उपसा जमाखर्चाला बांधता येतो, याची उदाहरणे आहेत. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, कुटुंबातील माणसांवर ठरला आणि उसाला मनाई झाली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात, शेतीसाठी बोअर घेतले जात नाही. दोन्ही गावे कमी पावसाच्या पट्ट्यातली.

पाऊस परतल्यावर, दिवाळीच्या सुमारास, विहिरीची पातळी वर्षातल्या सर्वांत वरच्या टप्प्याजवळ असते. ज्यांची विहीर आहे त्यांनी त्याच आठवड्यात दगड बांधलेली दोरी सोडून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे, तारखेसह लिहून ठेवावे आणि महाशिवरात्रीला पुन्हा मोजावे. उन्हाळी पिकाचा निर्णय त्यानंतर घ्यावा.