हसू आले की बळ जाते

माझ्या धाकट्या दिराला मनापासून हसू आले की त्याचे गुडघे दुमडतात. मान खाली पडते, जीभ जड होते, हातातला विळासुद्धा गळून पडतो. कधी अवचित आनंदाने, कधी रागानेही असे होते. मिनिटभरात तो उठून बसतो. तेवढ्या वेळात आपण बोललेले सारे त्याला ऐकू येते. शुद्ध जात नाही, फक्त अंगातले बळ जाते.

गावाने याला नाना नावे दिली. कुणी फिट म्हणाले, कुणी बाहेरचे म्हणाले. नाकाला कांदा लावून झाला, चप्पल हुंगवून झाली. शिवाय पिकाला पाणी देता देता तो बांधावरच झोपी जायचा, म्हणून आळशी हे नाव वेगळेच. अखेर शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी त्याची रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवशीच्या डुलक्या यंत्रावर तपासल्या. आजार निघाला नार्कोलेप्सी. असे बळ जाण्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात.

डॉक्टरांनी सोपे करून सांगितले. मेंदूतले ओरेक्सिन नावाचे द्रव्य आपली जाग धरून ठेवते. ते तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की झोप आणि जाग यांच्यामधला बांध फुटतो. स्वप्नात आपण हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर स्नायू सैल सोडते. तोच सैलपणा याला जागेपणी गाठतो. जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली आजाराला नाव दिले. ओरेक्सिनचा शोध लागला १९९८ साली.

आजार मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी झटके कमी होतात. दुपारी ठरवून थोडी झोप घेतली की त्याला तरतरी येते. विहिरीच्या काठावर आणि मळणीयंत्राजवळ त्याला एकटे सोडत नाही. झटका आला तर डोके सांभाळून खाली बसवतो. तोंडात पाणी घालत नाही.

खरे दुःख मात्र वेगळेच होते. पडण्याच्या भीतीने त्याने हसणेच सोडले होते. पोरांनी गंमत सुरू केली की तो उठून गोठ्यात जायचा. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पडला तर मी धरीन, पण माझ्या लेकराला हसू द्या." आता जेवताना तो भिंतीला टेकून बसतो, शेजारी कुणीतरी असते, आणि पोरे खुशाल हसवतात.

बायांनो, तुमच्या घरी कुणी हसता हसता असे कोसळत असेल, दिवसा अनावर पेंगत असेल, तर भगत शोधू नका. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तोवर त्याला आळशी म्हणू नका.