बोर्डावर काय घडलं?

नातेपुत्यातल्या तमाशाची बातमी वाचली की मी खट्टू होतो. गर्दी किती, पाहुणे कोण, सत्कार कुणाचा, एवढंच. गवळणीत मावशीने काय केलं, सोंगाड्याने वगात गावातली कोणती गोष्ट ओढून आणली, ढोलकीने लय कुठे चढवली? वार्ताहराला दोष कसा द्यावा! ऊस, पाणी, पालखी, नगरपंचायत सगळं तोच लिहितो. खेळ पाहायला त्याला कुणी शिकवलंच नाही. पण हे शिकवता येतं. अमेरिकेत ओनील थिएटर सेंटर या नाट्यसंस्थेने १९६८ मध्ये नाट्यसमीक्षकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं. आपल्या शेजारी तर अकलूजची लावणी स्पर्धा आहे, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं जन्मगाव पंढरपूरही आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. स्पर्धेच्या दिवसांत तालुक्यातल्या वार्ताहरांना ढोलकीवाल्याशेजारी बसवावं, रात्रीच लिहायला लावावं, आणि सकाळी जाणत्या कलावंतिणींनी ते ऐकून चुका दाखवाव्यात.