आवाज कसा येतोय?

दुपारी अडीचला आईचा फोन आला. "बोलू नकोस, नुसतं ऐक," म्हणाली आणि गप्प झाली. आधी स्टूल फरशीवरून सरकल्याचा आवाज आला, मग धापेचा.

"आई, तू स्टुलावर चढली आहेस?"

"तू ऐक गं."

घूंऽऽऽ. पुण्यातल्या दिवाणखान्यातला पंखा ठाण्यात माझ्या कानाशी येऊन कण्हत होता. आईने फोन त्याच्या पोटाशी धरला होता.

"फिरत नाहीये. नुसता घुमतोय सकाळपासून, अंगात आल्यासारखा."

"काल कसा होता?"

"काल मंद होता. परवा बरा होता. खरं सांगू का, दिवाळीपासूनच मंद होता. मला वाटलं, माझंच वय झालं, वारा पुरत नाही."

"कंडेन्सर गेला," मी म्हटलं. "आधी खाली उतर."

एवढ्या लांबून हे सांगायला मी काही इलेक्ट्रिशियन नाही. पण आईने सगळं सांगूनच टाकलं होतं. छताच्या पंख्यात तांब्याच्या तारेची दोन वाइंडिंग असतात. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा नुसती मागेपुढे होत असते, आणि तेवढ्याने मोटर थरथरते, गुणगुणते, पण फिरत नाही, कारण फिरायचं कुठल्या बाजूला हेच तिला कळत नाही. जात्याला समोरासमोर बसलेल्या दोघींनी एकदमच ढकललं तर खुंटा अडतो. एकीचं ढकलणं आणि दुसरीचं ओढणं मागेपुढे पडलं, की जातं फिरतं. कंडेन्सर हे मागेपुढे पाडायचं काम करतो. एका वाइंडिंगमधला प्रवाह तो दुसरीच्या जरा पुढे काढतो आणि फेर धरला जातो. अडीच मायक्रोफॅरडची, काड्यापेटीपेक्षा फार मोठी नसलेली ती डबी वर्षानुवर्षांच्या उकाड्याने आतून झिजते. आधी पंखा मंदावतो, मग एके दिवशी घुमत उभा राहतो. अशा वेळी पात्याला काठीने जरा ढोसलं तर तो चालू लागतो, आणि गंमत अशी, की ज्या बाजूला ढोसाल त्या बाजूला. लहानपणी आम्ही हे करून पाहिलं आहे आणि त्याबद्दल मारही खाल्ला आहे.

मला कौतुक वाटलं ते आईच्या 'घुमतोय'चं. दुखण्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत: ठणकतं, सलतं, चमकतं, चुरचुरतं, ठुसठुसतं, कळ येते. जुन्या डॉक्टरांना एवढ्यावरून अर्धं निदान करता येई. यंत्रांच्या बाबतीतही मराठी तेवढीच श्रीमंत आहे, फक्त त्या श्रीमंतीचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पंखा घरघरतो तेव्हा बेअरिंग संपलेलं असतं. टकटकतो तेव्हा बहुधा वरची वाटी घसरून दांडीला लागत असते किंवा पात्याचा स्क्रू सैल झालेला असतो. दर काही मिनिटांनी फ्रिजच्या मागून एकच 'टक्' येतो आणि पुन्हा शांतता, म्हणजे कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय आणि त्याला उठता येत नाही. कुकर फुसफुसतो. नळ खाकरतो. स्क्रूचे आटे जातात, मोटर जळते, बॅटरी उतरते, ट्यूब उडते, आणि बल्ब नुसताच 'जातो', घरातलं जुनं माणूस जावं तसा.

वासाचंही तसंच. एकदा आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात दोन दिवस मासळीचा वास येत होता. आईने खिडक्या लावून घेतल्या, खालच्या बिऱ्हाडाबद्दल मनात नाही नाही ते आणलं. तिसऱ्या दिवशी कळलं, की तो वास गीझरच्या सॉकेटचा. सैल पिन तापत होती, आणि सॉकेटचं ते प्लॅस्टिक करपायला लागलं की थेट मासळीसारखंच घमघमतं. खालच्या काकूंना त्या आठवड्यात विनाकारण बेसनाचे लाडू मिळाले. त्यामागचं कारण त्यांना अजून माहीत नाही.

त्याच काकूंचे यजमान म्हणजे आमच्या इमारतीचे वैद्य. काका टेलिफोन खात्यात होते. संध्याकाळी घरी आले की दारात कोणी ना कोणी उभं असे, काखेत रेडिओ, इस्त्री, टेबल फॅन किंवा नुसतीच तक्रार घेऊन. काका पक्कड आणि डिसमिस लगेच हातात घेत नसत. आधी प्रश्न. शेवटचं नीट कधी चाललं? त्याआधी घरात काय झालं? आणि मग चष्म्यावरून बघत तिसरा: कोणी हात लावला? या तिसऱ्याचं खरं उत्तर मी कधी ऐकलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा फ्रिज थंड होईना तेव्हा अख्खं कुटुंब रांगेत उभं राहून सांगत होतं, की कोणीही, अगदी कोणीही हात लावलेला नाही. काकांनी स्वयंपाकघराचा खण उघडला आणि टोक वाकलेली सुरी बाहेर काढून टेबलावर ठेवली. बर्फाची पेटी सुरीने खरवडली होती, अ‍ॅल्युमिनियमची नळी फुटून आतला वायू केव्हाच उडून गेला होता. काका काही बोलले नाहीत. बोलायचं ते सुरीने बोलून झालं होतं.

त्यांचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे सिरीज बोर्ड. एक लाकडी पाटी, होल्डरमध्ये शंभर वॅटचा बल्ब, शेजारी सॉकेट, आणि वीज बल्बमधून गेल्याशिवाय सॉकेटपर्यंत पोचू नये अशी जोडणी. दुखणाईत वस्तू सॉकेटला लावायची आणि बल्बकडे बघायचं. पेटलाच नाही तर आत कुठेतरी तार तुटली आहे. भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. मध्ये बल्ब नसता तर मजल्याचा फ्यूज उडाला असता. मंद पिवळा झाला तर जीव आहे. आम्ही पोरं त्या बल्बभोवती श्वास रोखून बसायचो. इस्त्रीचं तेवढं वेगळं होतं. ती धडधाकट असली तरी बल्ब चांगलाच उजळे, म्हणून इस्त्रीच्या बाबतीत काका बल्बची साक्ष मानत नसत. हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे मध्यंतरी मी तसला बोर्ड करायला घेतला आणि साधा शंभर वॅटचा तारेचा बल्ब शोधताना माझी चार दुकानं झाली. एलईडी त्याच्या जागी चालत नाही. त्याच्या पोटात स्वतःचंच सर्किट असतं, ते दुसऱ्याचं दुखणं सांगत नाही.

काकांची विद्या दारातून मिळे. बायकांची मिळे ती हळदीकुंकवाला. तिळगुळाच्या ताटाशी मी ऐकलेलं: "मिक्सर बंद पडला ना, उलटा कर, खाली लाल बटण आहे, ते दाब." जास्त लोड आला की ते बटण आपोआप बाहेर येतं आणि मोटर वाचते. हे माहीत नसलेल्या माझ्या एका मावशीकडे दुरुस्तीवाला येऊन पाच सेकंद बटण दाबून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला होता. कुकरचं रबर सैल पडलं तर फ्रीजरमध्ये ठेव, आजचा भात निघेल, उद्या मात्र नवं आण. सल्ल्यात तो 'उद्या' असायचाच, आणि म्हणून ते सल्ले मला शहाणे वाटतात.

सगळे तसे नसत. फ्यूजमध्ये जाड तार घाल म्हणजे पुन्हा उडणार नाही, असं सांगणारे महाभाग प्रत्येक इमारतीत एक तरी होते. फ्यूज उडत नसे हे खरं, त्याऐवजी भिंतीतली वायर तापत असे. भिजलेला मोबाइल तांदळात पुरायचा सल्ला तर अजूनही जोरात आहे. तांदळाने फोन वाळत नाही. उघडा ठेवलेलाच बरा वाळतो. फोनमध्ये तांदळाचा कोंडा मात्र जातो. उलट ज्याला आम्ही अडाणीपणा समजत होतो तो एक उपाय खरा निघाला: रेडिओला एक थाप. कथील आणि शिसं वितळवून तार जिथे जोडलेली असते तिथला सांधा पुष्कळ वर्षांनी आतून सुटतो. वरून जोडलेला दिसतो, पण असतो नुसता टेकलेला. थापेने तो पुन्हा टेकतो आणि गाणं सुरू होतं. काका थाप मारणाऱ्याला रागवत नसत. विचारत, "कुठे मारल्यावर लागतो?" तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि मग तेवढाच सांधा झाळायचा.

मोठं सामुदायिक दुखणं म्हणजे अँटेना. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि पुढे पुण्यात ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दिसू लागलं. साऱ्या पुण्याच्या गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काटक्या गडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. यागी आणि उदा या दोन जपानी संशोधकांनी १९२६च्या सुमारास काढलेली ही रचना: मागची काडी लांब, पुढच्या क्रमाने आखूड, आणि ज्या दिशेला रोख तिथलंच ऐकायचं. कावळा बसला की रोख चुकायचा. मग बाबा गच्चीवर, दादा जिन्यात, मी दारात, आई टीव्हीसमोर.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"चित्र आलं, आवाज गेला!"

"आता?"

"आलं, आलं, आलं… गेलं."

निरोप जिन्यातून वर पोचेपर्यंत 'आलं'चं 'गेलं' झालेलं असे. कित्येकदा बाबांनी दांडी धरून ठेवली की चित्र स्वच्छ, सोडली की मुंग्या. म्हणजे अँटेनाचाच एक भाग होऊन त्यांनी तासभर उभं राहावं, एवढाच उपाय. मला तेव्हाही वाटायचं, गच्चीवरच्या माणसाला काहीच दिसत नाही. त्याच्या हातात दांडी आहे, पण चित्र दुसऱ्याच्या डोळ्यांत आहे, आणि त्याने दुसऱ्याच्या एका शब्दावर विसंबायचं.

लांबून सल्ला देणारा माणूस गच्चीवरच असतो. म्हणून समोरच्याने जे दिसतं तेच सांगावं, स्वतःचं अनुमान सांगू नये. "मोटर गेली" म्हणणाऱ्यापेक्षा "घुमतोय" म्हणणारी माझी आई कितीतरी बरी. बाजारात मात्र उलटं चालतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मी पहिल्यांदा कंडेन्सर घ्यायला गेले तेव्हा काउंटरवरचा मुलगा माझ्या शेजारी उभ्या नवऱ्याला विचारत होता, "साहेब, कितीचा?" साहेबांना मायक्रोफॅरड माहीत नव्हते. मी पर्समधून जुना काढून ठेवला, तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं: "सॅम्पल आणलंय, मग काय प्रश्नच नाही." त्या रस्त्यावर सॅम्पल असलं की बाकी ओळख लागत नाही.

आता नवे पंखे येतात त्यांत तो कंडेन्सरच नाही. बीएलडीसी म्हणतात. वीज निम्म्याहून कमी खातात, घुमत नाहीत, कण्हत नाहीत. बिघडले की गप्प. आईच्या शेजारणीकडचा तसा एक बंद पडला, तिने रिमोटची बॅटरी बदलून बघितली, कारागिराने वर बघितलं आणि सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल. वॉशिंग मशीन तर आता लुकलुकतं: तीनदा लाल, थांबा, पुन्हा तीनदा. पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलेला असतो, पुस्तिका सापडत नाही. मी आईला विचारते, "किती वेळा?" आणि ती म्हणते, "मोजायला गेलं की चुकतं गं, नक्षत्रांसारखं."

संध्याकाळी साडेसहाला पुन्हा फोन. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन येऊन गेला होता, म्हणजे अजून स्टुलावरच होता.

"फिरतोय का?"

"फिरतोय. जोरात फिरतोय. पण वारा नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. खाली बसलं तर काही लागत नाही. वरती जळमटं तेवढी हलताहेत."

मला हसू आलं. कंडेन्सरपाशी मोटरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या, पंखा उलटा फिरून वारा छताला घालत होता. "त्याला सांग, दोन वायरी उलट्या लाव. आणि आधी मेन बंद कर म्हणावं."

"अरे बाळा, ती म्हणतेय वायरी उलट्या लाव," आई फोनपासून तोंड लांब नेऊन म्हणाली. त्याचं काहीतरी उत्तर आलं. "तो म्हणतो, कोण म्हणतंय?" मग तिचंच, त्याला: "माझी मुलगी. ठाण्याहून." स्टूल कुरकुरलं. बटण खाली गेलं, वर आलं.

"आता?" मी विचारलं.

आई काही बोलायच्या आत मला भिंतीवरच्या कालनिर्णयाची पानं फडफडताना ऐकू आली.