नाव पटलं, पण दार उघडेना

हाउन्सलोत राहायचं म्हणजे डोक्यावर विमानं आलीच. बोलता बोलता थांबायचं, विमान जाऊ द्यायचं, मग पुढचं वाक्य. निवृत्तीपर्यंत मी इथल्या एका कचेरीत नेटवर्क सांभाळत होतो. नातू विचारतो, "आबा, तुम्ही नक्की काय करायचात?" त्याच्यासाठी आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी हे लिहितो.

मोठ्या कचेरीत प्रत्येक यंत्रावर सगळ्यांची नावं वेगळी ठेवत नाहीत. एकच नोंदवही असते, तिला डिरेक्टरी म्हणतात. तिच्याशी बोलायची एलडॅप नावाची रीत अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात तयार होऊन १९९३ साली जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली. त्या वहीत आधी माणसाचं नाव, मग खातं, मग कंपनी. आपलंही तसंच की! आधी आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी गाव. पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. कोकण सुटलं तरी पत्ता नावात राहिलाच.

आता माझी फजिती. फाइली ठेवायचं नवं यंत्र आलं. ते वहीला जोडायचं आणि वहीतले गट रोज रात्री आपोआप उतरवून घ्यायचे, असं काम होतं. चाचणीला मी माझंच नाव 'हिशेब' गटात घातलं. दार उघडलं, खूश होऊन घरी गेलो.

दुसरा दिवस शुक्रवार, पगाराचा. पगार करणाऱ्या पंजाबी बहेनजींचा पासवर्ड यंत्राने मानला, पण फोल्डर काही उघडेना. मुलांनो, इथे प्रश्न दोन असतात. तू कोण? आणि तुला कुठे जायची परवानगी? लग्नात दारावर ओळख पटली म्हणून कोणी भटारखान्यात सोडत नाही.

परवानगी होती 'हिशेब' गटाला. बहेनजी होत्या 'पगार' गटात, आणि तो गट 'हिशेब'च्या पोटात. यंत्र वरवरचीच नावं वाचत होतं, पोटातला गट त्याने उघडलाच नाही. तशी सेटिंग करायची मीच विसरलो होतो.

रात्री सफाई करणाऱ्या बायकांचा आठवड्याचा पगार त्यात अडकला होता. त्यांतली एक तर आपल्याच ओळखीची, दर शनिवारी घरभाडं द्यायची. हातपाय गार पडले. शेवटी बहेनजींचं नाव थेट 'हिशेब'मध्ये घातलं, गट हाताने पुन्हा उतरवले. बँकेची वेळ टळायच्या आत पगार गेला. सेटिंग मग सोमवारी सावकाश नीट केली.

जाताना बहेनजी हिंदीत एवढंच म्हणाल्या, "भाईसाब, अपना नाम क्यों देखा? मेरा देखते।"

त्यानंतर नवं यंत्र आलं की पहिला फोन बहेनजींना.