दोनमधला ळ

ॲडलेड. लेकीनं आज शाळेतून स्वतः ओवलेलं ब्रेसलेट आणलं. काळे, पिवळे, लाल मणी : माणसं, सूर्य, माती. हेच तीन रंग ल्यालेला, हॅरॉल्ड थॉमस यांनी केलेला ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा ध्वज १९७१ साली याच शहरात पहिल्यांदा फडकला.

मणी ओवताना वर्गात इथल्या आदिवासींच्या गार्ना भाषेत मोजायचं होतं : कुमा, पुळाइची, माणकुची. ‘दोन’च्या शब्दात आपला ळ! इथल्या इंग्रजीत तो कधी कानावर पडत नाही. मला भरून आलं. बोलणारे सरत गेले, तेव्हा ही भाषा मुकी झाली होती. १८४० साली दोन जर्मन मिशनऱ्यांनी छापलेल्या व्याकरण-शब्दसंग्रहाच्या आधारानं गार्ना लोकांनी ती पुन्हा बोलती केली.

ब्रेसलेट हातात ठेवूनच ती झोपली आहे. उद्या तिच्याकडून मी ‘चार’ शिकणार.