मनगटावरची किल्ली

आमवात झालेल्या माणसाला दिवस उजाडल्याचं आधी बोटं सांगतात. उठल्यावर बराच वेळ सांधे आखडलेले असतात, कपाचा कान धरवत नाही. मी नाशिकमध्ये करसल्लागार आहे. माझ्या संगणकात लोकांचे पॅन, आधार, बँकेचे उतारे, फॉर्म १६ असं सगळं असतं. म्हणून थोडा वेळ हात लागला नाही की स्क्रीन लॉक व्हायलाच हवा, असं मी पहिल्यापासून ठरवलेलं आहे. पासवर्डही लांबलचक. जुलैत विवरणपत्रांची मुदत जवळ आली की अशिलाशी फोनवर चार वाक्यं बोलून होईपर्यंत लॉक पडतं, आणि सुजलेल्या बोटांनी पुन्हा तो सगळा पासवर्ड टाइप करायचा. पासवर्ड छोटा करणं मला मान्य नव्हतं. ज्यांनी विश्वासाने कागद दिले, त्यांच्या सुरक्षिततेची किंमत माझ्या दुखण्याने का ठरवावी? बोटाच्या ठशाचा मार्ग होता, पण वाकलेलं बोट त्या चिमुकल्या चौकोनावर सपाट टेकत नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, तुझ्याकडे मॅक आहे, आयफोन आहे. ॲपलचं घड्याळ घे, ते मॅक उघडतं." ही सोय २०१६ पासून आहे. मी लगेच हो म्हटलं नाही. मनगटावरच्या वस्तूने तिजोरी उघडणार असेल, तर ती कशाच्या भरवशावर उघडते हे आधी समजून घ्यायचं होतं. आम्ही दोघं एका रविवारी त्यावरच बसलो.

घड्याळाच्या पाठीवरचे सेन्सर ते कातडीला टेकलेलं आहे की नाही हे ओळखतात. काढलं की ते लॉक होतं, त्यामुळे चोराच्या हाती नुसतं घड्याळ लागून भागत नाही. सकाळी ते बांधून मी आयफोन उघडला की घड्याळही उघडतं, तशी सेटिंग आहे. आयफोन माझ्या चेहऱ्याने उघडतो. आणि मॅक नव्याने सुरू केला की पहिल्यांदा पासवर्ड द्यावाच लागतो, तिथे घड्याळ चालत नाही. म्हणजे चेहऱ्याने फोन, फोनने घड्याळ, घड्याळाने मॅक अशी ही साखळी. ती मागे नेत गेलं की शेवटी हाताला लागतो तो फोनचा पासकोड. चेहरा ओळखला गेला नाही तर फोन तोच मागतो. तेव्हा घड्याळ विकत घेण्याआधी मी तो पासकोड बदलला आणि सहा आकड्यांच्या जागी अक्षरं-आकडे मिसळून लांब केला. घड्याळ घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते.

ऑफिसातला दुसरा संगणक विंडोजचा. तो माझी सहकारी वापरते, जीएसटीचं काम तिच्याकडे असतं. तिचा फोन जवळ आला की तोही आपोआप उघडावा म्हणून भाच्याने एक ॲप घालून पाहिलं. नंतर आम्ही मुद्दाम चाचणी घेतली. सहकारी फोन घेऊन भिंतीपलीकडे चहा करायला गेली आणि तिच्या खुर्चीत भाचा बसला. संगणक त्याच्यासाठी उघडला. त्या ॲपला फक्त ब्लूटूथच्या सिग्नलचा जोर कळत होता. खुर्चीत कोण आहे, हे कळायला त्याच्याकडे काही साधनच नव्हतं.

शिवाय जोर हे काही अंतराचं माप नव्हे. मधे उपकरणं ठेवून दूरच्या फोनचा सिग्नल जवळ आणता येतो. एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी २०२२ साली अशाच युक्तीने टेस्लाची गाडी उघडून दाखवली होती, मालकाचा फोन दूर असताना. यावरचा विचार फार जुना आहे. स्टीफन ब्रँड्स आणि डेव्हिड चॉम यांनी १९९३ मध्येच मांडलं होतं की अंतर जोराने मोजू नका, उत्तर यायला लागलेल्या वेळाने मोजा. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. सिग्नल वाढवता येतो, पण दूरच्या फोनचं उत्तर प्रकाशाच्या वेगापेक्षा लवकर आणता येत नाही. ॲपलने घड्याळासाठी वाय-फायच्या लहरींच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजण्याचा मार्ग धरला, आणि मला त्याचा भरवसा वाटला तो या मुद्द्यावर. मॅक उघडला की मनगटावर टिचकी बसते, तीही मला महत्त्वाची वाटते. माझ्या नकळत काही उघडलं तर मला कळतं.

तरी घड्याळाला मी जवळ आहे एवढंच ठाऊक असतं, मला मॅक उघडायचा आहे का हे नाही. सॉफ्टवेअर घालण्यासारख्या कामांना २०१९ पासून घड्याळाचं बाजूचं बटण दोनदा दाबून परवानगी देता येते. ते मी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबते, दुखत नाही. स्क्रीन उघडतानाही तशी अट घालता यावी, असं मला फार वाटतं.

विंडोजच्या संगणकावरून ते ॲप त्याच दिवशी काढलं. तिथे आता विंडोजमधलंच डायनॅमिक लॉक आहे. ब्लूटूथने जोडलेला फोन दूर गेला की मिनिटभराने संगणक लॉक होतो, उघडायला मात्र सहकारीला पिन द्यावा लागतो. भाच्याला हे अर्धवट वाटलं. मी त्याला म्हटलं, "अरे, चुकून लॉक झालं तर तिला पिन पुन्हा टाकावा लागेल. चुकून उघडलं तर कुणाचे तरी बँकेचे उतारे जातील. दोन्ही चुका एका तराजूत कशा घालायच्या?"

हे लॉक चालायचं तर फोन अंगावर असायला हवा. सहकारीचा फोन पर्समध्ये, पर्स टेबलाच्या खणात. ती तासभर बँकेत गेली तरी संगणकाच्या लेखी ती जागेवरच. तिच्या कुर्त्यांना खिसे नव्हते. बायकांच्या कपड्यांना खिसे नसणं हा सुरक्षेचाही प्रश्न आहे, हे मला तेव्हा दिसलं. तिने शिंपीणबाईंकडून रोजच्या कुर्त्यांना उजवीकडे खोल खिसे लावून घेतले. साडी नेसते त्या दिवशी फोन कमरेच्या बटव्यात असतो, आणि त्या शिलाईचे पैसे मी ऑफिसच्या खर्चात धरले.