बेणारेबाईंना काय झालं होतं?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

आमचा एक वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात जण इथे सांगलीत कुणाच्या तरी घरी जमतो, पुस्तकावर अर्धा तास बोलतो आणि उरलेला दीड तास चकाट्या पिटतो. या चकाट्यांतूनच गेल्या वर्षी एक खेळ निघाला. एकाने पात्राचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी त्याचा मानसिक आजार ओळखायचा.

हरितात्या? शिवाजीमहाराजांच्या काळात स्वतः हजर असल्यासारखं बोलतात, म्हणजे डिल्यूजन. सखाराम गटणे? छापील बोलतो, म्हणजे ऑटिझम. अंतू बर्वा? विनोदाखाली दडवलेलं डिप्रेशन. नारायण? दुसऱ्याच्या घरच्या लग्नात पायाला भिंगरी, म्हणजे हायपोमॅनिया. पुलंची अख्खी 'व्यक्ती आणि वल्ली' आम्ही तासाभरात ॲडमिट करून टाकली. हसून हसून पोट दुखलं.

एक जण म्हणाला, हे काही बरं नाही. त्यावर मी लगेच दाखला दिला. २००० सालच्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात काही डॉक्टरांनी हाच खेळ 'विनी द पू'मधल्या प्राण्यांवर खेळला होता. पू अस्वलाला एडीएचडी, घाबरट पिग्लेटला अँग्झायटी, कायम तोंड पाडून बसणाऱ्या गाढवाला जुनाट डिप्रेशन. स्वतःच्याच धंद्याची टिंगल होती ती. डॉक्टर करतात तर आपण का नको, असं म्हणून मी विषय मिटवला.

मग दोन महिन्यांपूर्वी कट्ट्यावर 'शांतता! कोर्ट चालू आहे' होतं. तेंडुलकरांचं, १९६७ सालचं. चर्चा संपली आणि खेळ सुरू झाला. बेणारेबाई? "बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, क्लिअर कट," एक जण म्हणाला. घटकेत हसते, घटकेत रडते, पुरुषांच्या मागे लागते, विष जवळ बाळगते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

तिथून गाडी घसरली. आमच्या सोसायटीत एक काकू आहेत. प्रत्येक मीटिंगमध्ये लिफ्टच्या दुरुस्तीचा हिशोब मागतात, पावत्या बघायच्या म्हणतात. कुणीतरी त्यांचं नाव घेतलं. पॅरानॉइड, ओसीडी, मेनोपॉज, जे सुचेल ते लोक म्हणाले. "घरच्यांचं कसं होत असेल हो," असंही झालं. त्या पावत्या आजवर कुणी दाखवलेल्या नाहीत, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी माझी कोल्हापूरची मावसबहीण आमच्याकडे आली होती, तीही कट्ट्यावर बसली होती. फारसं बोलली नाही. संध्याकाळी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. ती म्हणाली, "दादा, नारायणला हायपोमॅनिया नाहीये."

मी म्हटलं, "बरं. का?"

"तो हातात घेतलेलं काम पार पाडतो. मला ते दिवस आले की दहा कामं सुरू होतात आणि एकही पुरं होत नाही."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. सहा वर्षं झाली, बायपोलर आहे, लिथियम चालू आहे. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ठेवते. ऑफिसात माहीत नाही, आम्हा भावंडांतही कुणाला माहीत नव्हतं. फक्त मावशी आणि काका.

मी सॉरी म्हणायला लागलो, तर तिने थांबवलं. खेळाचा राग नाही म्हणाली, तीही मनातल्या मनात खेळत होती. "पण तुम्ही त्या काकूंवर आलात ना, तेव्हा मी मोजत बसले. माझ्याबद्दल कळलं तर यातला कोण काय म्हणेल."

माझ्याबद्दल तिने काय अंदाज केला, ते मी विचारलं नाही.

गाडी लागेपर्यंत आणखी एक गोष्ट तिने सांगितली. तिचं पहिल्यांदा बिनसलं तेव्हा घरात देवऋष्याकडे न्यायची तयारी चालली होती. काकांनी पूर्वी कधीतरी 'देवराई' पाहिला होता, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, अतुल कुलकर्णीचा शेष असलेला. शेषला स्किझोफ्रेनिया आहे, हिचा आजार वेगळा. पण काकांना एवढं आठवलं की हे दुखणं असतं आणि त्याला डॉक्टर असतो. एका काल्पनिक माणसाच्या आजाराने माझी बहीण वेळेत डॉक्टरकडे पोचली. त्यामुळे पात्रांच्या आजारांबद्दल बोलूच नका, असं मी म्हणणार नाही.

घरी आल्यावर नाटक पुन्हा काढून वाचलं आणि लाज वाटली. त्यात काय आहे? एक हौशी मंडळी खेड्यात प्रयोगाला आलेली. वेळ काढायला, गंमत म्हणून, खोटा खटला उभा करतात. आरोपी म्हणून बेणारेबाईंना धरतात. बघता बघता बाईंचं खरं आयुष्य साक्षीला निघतं आणि गंमत संपते. गुंतलेले प्रोफेसर दामले त्या दिवशी हजरच नसतात, त्यांना कुणी पिंजऱ्यात उभं करत नाही. आम्ही याच नाटकावर दीड तास तोच खेळ खेळत होतो! बाईंना बॉर्डरलाइन म्हटलं की दामले सुटले, काशीकर सुटले, सुखात्मे सुटले. 'नटसम्राट'मधल्या अप्पांना आम्ही डिमेन्शिया देऊन मोकळे झालो होतो. मग सगळी मिळकत घेऊन बापाला परकं करणाऱ्या मुलांचं काय? लेकीच्या घरात आईबापांवर आलेल्या चोरीच्या आळाचं काय?

काकूंचंही तसंच. त्यांना पॅरानॉइड ठरवलं की पावत्या दाखवायचं कारण उरत नाही.

राजकारणात तर हे रोज चालतं. जो नेता आवडत नाही तो सायको, नार्सिसिस्ट. अमेरिकेत १९६४ च्या निवडणुकीत एका मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या उमेदवाराबद्दल मानसोपचारतज्ज्ञांकडूनच मतं मागवली आणि हजाराच्या वर तज्ज्ञांनी, त्यांना कधी न तपासता, ते अध्यक्षपदाला नालायक असल्याचं लिहून दिलं. गोल्डवॉटर कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, न तपासलेल्या माणसाचं निदान जाहीरपणे करायचं नाही. डॉक्टरांना जे नको, ते आपण कमेंटमध्ये करतो. आणि त्यात तोटा आपलाच. नेत्याला वेडा म्हटलं की त्याच्या निर्णयाचा जाब विचारायचा राहून जातो.

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की, एखादी व्यक्ती समाजाच्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा राजकीय चाकोरीत बसत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असं ठरवता येणार नाही. हे वाचताना मला आधी बेणारेबाई आठवल्या, मग काकू.

आमचा खेळ बंद झालेला नाही. दोन नियम केलेत. जिवंत माणूस घ्यायचा नाही. आणि आजाराचं नाव घेणाऱ्याने हेही सांगायचं की, ते नाव लावल्यावर गोष्टीतला कोण सुटतो. दुसऱ्या नियमाने खेळ जरा अवघड झालाय, पण चर्चा आता दोन तास पुस्तकावरच होते.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला मी काकूंच्या शेजारी बसलो आणि पावत्या मागितल्या. अजून मिळालेल्या नाहीत. बघू, आता मला कुठला आजार निघतो ते.

बहिणीला दाखवूनच ही पोस्ट टाकतोय. तिने एक ओळ घालायला सांगितली आहे: स्वतःसाठी किंवा घरातल्या कुणासाठी बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालू असतं.